कवटीची पाटी

तोरिनो, सोमवार, ६ मार्च १९११
…आणि बोवियो मागे फेकला गेला. हनुवटी मडगार्डवर आपटली, दोन दात पडले. इंजिन चालूच होतं. बोवियो आमच्या मोटार-कारखान्यातला फिटर. चालू इंजिनाच्या स्पार्क प्लगला त्याचा हात लागला.
गिल्योने हे आमचे मालक. ते म्हणाले, मास्तर, शाळा सोडून इथे पाट्या लिहायला आलात ना? मग असं काही लिहा की कुणी हात लावणार नाही. आणखी एकाला शॉक बसला तर तुम्ही परत शाळेत.
शाळेत पोरं मला दौती फेकून मारायची. परत जाणार नाही.
घरी येताना रिकामी शवगाडी दिसली. ताबडतोब दिव्याच्या खांबाच्या लोखंडाला हात लावला. आमच्याकडे लोखंडाला शिवलं की अपशकुन टळतो. माणसाने सावध असावं.

बुधवार, ८ मार्च
पाटी तयार. पांढऱ्यावर काळी अक्षरं: हात लावाल तर मराल. नजर चुकू नये म्हणून प्लगच्या अगदी शेजारी बसवली.
बोवियोने सुजलेल्या तोंडाने मोठ्यांदा वाचली. मरणाचं नाव निघालं, म्हणून कुणीही करील तेच त्याने केलं. जवळच्या लोखंडाला हात लावला. जवळ चालू इंजिनाचा प्लगच होता. या वेळी कपाळ फुटलं.
मालकांना सांगितलं, रंग ओला होता, हा शॉक धरू नका. कुरकुरत कबूल झाले.
निष्कर्ष: काळा रंग फिका पडतो. लाल हवा. वर कवटी.

शनिवार, ११ मार्च
रंगारी दालमासोने कवटी उत्तम काढली. पाटी बसवताना स्वतःच्याच कवटीकडे पाहून दचकला आणि शेजारच्या लोखंडाला, म्हणजे चालू इंजिनाच्या प्लगलाच, हात लावला. त्याचं कोपर उडालं ते बोवियोच्या नाकावर. बोवियोने पान्याने त्याची बरगडी मोडली. मालक मिलानला गेलेत, म्हणजे हाही धरायचा नाही.
बोवियो म्हणाला, मास्तर, माणसाला मरण दाखवता आणि हाताशी तेच लोखंड ठेवता. त्यापेक्षा सरळ गोळ्या घाला की.
अडाण्याला कला काय कळणार. कवटी लहान पडली, एवढंच.

गुरुवार, १६ मार्च
कवटी आता ताटाएवढी. डोळ्यांत लाल ठिपके. उद्या कवालिएरे, म्हणजे सरकारी किताब मिळालेले, मालवानो गाड्या घ्यायला येणार. ते खूश झाले की पगारवाढ मागायची. जमल्यास स्वतंत्र खोली.

शुक्रवार, १७ मार्च
शुक्रवार आणि सतरा तारीख, म्हणजे दुहेरी अपशकुन. आमच्याकडे या दिवशी कुणी दाढीसुद्धा करत नाही. मालवानो म्हणाले, मी असलं काही मानत नाही, म्हणून मुद्दाम आज आलो. सोबत त्यांच्या बाईसाहेब.
मालकांनी इंजिन चालू करून बॉनेट उघडलं. मालवानोंनी कवटी पाहिली. अपशकुन टाळायचा पुरुषांचा दुसरा एक उपाय आहे, पँटच्या पुढे हात नेण्याचा, पण तो बाईसाहेबांसमोर करता येईना. राहिलं लोखंड.
ते उडाले ते बाईसाहेबांवर. बाईसाहेबांनी मालकांना छत्रीने झोडपलं, मूठ तुटेपर्यंत. मालवानोंनी उठून बोवियोच्या थोबाडीत मारली, तो हसला म्हणून. बोवियोने त्यांना तेलाच्या डब्यात बसवलं. गाड्यांचं काही ठरलं नाही.
मग मालकांनी माझी मान धरून तोंड पाटीवर दाबलं. म्हणाले, वाच, गाढवा, काय लिहिलंस ते मोठ्यांदा वाच.
मी वाचलं. हात आपोआप गेला. मालकांची पकड माझ्या मानेवरच होती. दोघेही भिंतीपाशी सापडलो. त्यांच्या भुवया आणि माझी डावी मिशी जळाली. शुद्धीवर येताच त्यांनी मला बुटाने मारलं.
मजकुरात दोष नाही. वाचणारे उतावळे आहेत.

शनिवार, १८ मार्च
सकाळी बोवियोने सगळ्या पाट्या उचकटून भंगारात टाकल्या. मी आठ वाजता शाळेत हजर झालो.