पिवळ्या काठावरची विहीर

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

स्टुडिओ मुलाच्या हवाली केला तरी कॅमेरा काही सुटत नाही. भूगर्भशास्त्राच्या एका प्राध्यापक बाईंनी नदीच्या दोन्ही काठांचे फोटो काढायचं काम दिलंय. माझ्या बाजूला काळा कातळ, आपण लहानपणी पाहिला तसाच, खरचटलासुद्धा नाही. समोर पिवळी माती, थरावर थर, दर पुरात मागे सरणारी. एकाच नदीचे काठ, पण सख्खे वाटत नाहीत, असं बाई म्हणतात.

काल कातळावरून मोठी लेन्स लावली आणि हातच थांबला. समोरच्या कड्यात आपली विहीर उभी आहे! घर तर कधीच गेलं. आता विहिरीभोवतालची मातीही वाहून गेलीय आणि विटांचं गोल बांधकाम धुराड्यासारखं उघडं पडलंय. यंदाच्या पुरात ती टिकणार नाही, असं बाईंचं मत. तू ये. कातळाची उंची कळावी म्हणून फोटोत माणूस लागतो. तूच उभी राहा.

वाट बघायला लावू नकोस.

तुझा,
ढब्बू

११ मार्च

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

साठी उलटली तरी तुझं ‘ये’ म्हणजे हुकूमच! माप म्हणून उभं राहायला मीच सापडले का रे? माझे गुडघे विसरलास वाटतं.

खरं सांगू? घर गेल्यापासून पूल ओलांडताना मी डोळे मिटून घेते. आई पलीकडच्या कातळाकडे बोट दाखवून म्हणायची, घर तिथे हवं होतं. बाबा हसून विचारायचे, दगडात टोमॅटो लावणार का? उन्हाळ्यात आई कलिंगड गार व्हायला विहिरीत सोडायची आणि तू दोर धरून तासन्‌तास पहारा द्यायचास. तुझं पत्र आल्यापासून हेच डोक्यात आहे, कामात लक्ष नाही.

रविवारी येते. बसायला खुर्ची ठेव, आणि फोटोत मला जाडी दाखवलीस तर बघ.

पोराबाळांना माझा पापा. स्वतःला जप.

तुझी,
ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सोबत फोटो आहे. तू उभी आहेस म्हणून कातळ केवढा उंच ते कळतं. जाडी दिसलीस तर दोष कातळाचा. त्या दिवशी तू किती वेळ विहिरीकडे बघत होतीस, मग धूसर दिसतंय म्हणत रुमालानं माझी लेन्स पुसलीस. लेन्स स्वच्छ होती.

एक सांगायचंय. काल विहीर गेली. वरच्या धरणातून पाणी सोडलं होतं. मी कातळावरच होतो, कॅमेरा रोखलेला, बोट बटणावर, पण दाबवलं नाही. ती मुकाट्यानं खाली बसली. आवाज पाण्यावरून जरा मागाहून आला. तेवढ्या मधल्या वेळात मला वाटलं, पडलीच नाही.

लगेच चार ओळी लिही. माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
ढब्बू