न आलेले पैसे परत करण्याची हकीकत

श्री. उकंडराव भाऊ, मु. उंद्री, यांस देऊळघाटच्या कय्यूम मिस्त्रीचा सलाम.

तुमच्या अंगणाचं फाटक, तुमच्या संजीवनीचा लहानपणचा झोका, कपाशीची वाळली पराटी उपटायचे दोन चिमटे आणि तुमच्या गुडघ्यासाठीची काठी, हे सगळं माझ्या हातचं, कोणत्याही कॉलेजात न शिकता केलेलं. त्यातलं काही कुरकुरतं का? गुडघा कुरकुरत असेल तर तो मी केलेला नाही. (काठी दीड सूत आखूड असल्याची तक्रार पोचली. काठी बरोबर आहे. तुम्ही खांदा उचलून उभे राहता.)

यंदा बोंडअळीनं कपाशी खाल्ली. लोकांनी उभ्या पराटीत ढोरं सोडली, मग चिमटे कोण घेणार? म्हणून मोबाइलवर बघून बघून कॉम्प्युटरवर अवजारांचे नकाशे काढायला शिकलो अन् ऑनलाइन कामं घेऊ लागलो. एका परदेशी गिऱ्हाइकानं (नाव लिहीत नाही, तेही खोटंच असणार) सात नकाशे मागितले, नऊ हजारांत. नकाशे गेले. मग बँकेचा म्हणून एक कागद आला, नव्वद हजार जमा. मागोमाग त्याची विनवणी, की कारकुनाच्या हातून एक शून्य जादा पडलं, वरचे एक्क्याऐंशी हजार आजच वापस करा, नाहीतर त्या गरिबाची नोकरी जाते. कागदावरचा शिक्का पुरता गोल नव्हता, हे माझ्या नजरेतून सुटलं नव्हतं. परदेशी बँकेत कंपास नसेल, असं समजून घेतलं. पासबुकात पैसे दिसेनात, तर तिकडचे पैसे यायला वेळ लागतो म्हणाला. आता दुसऱ्याचा पैसा घरात असला की मला झोप येत नाही, मग तो आलेला असो वा नसो. म्हणून ते एक्क्याऐंशी हजार उभे करायला तुम्हाला निरोप धाडला, की माझ्या वेल्डिंग मशीनला गिऱ्हाईक बघा. डोळे थकले हे कारण खोटं होतं.

मी मशीन पुसायला घेतली, तशी आमची घरवाली बानो तव्यावरची भाकरी सोडून आली. "कापूस काट्यावर चढला नाही, अन् जादा वजनाचे पैसे वापस कायले करून राह्यले?" मी तिला परदेशी व्यवहार समजावू लागलो. ती मशीनवर बसली. मी समजावत राहिलो, ती ऐकत राहिली, भाकरी जळत राहिली. शेवटी त्या माणसाला लिहिलं, की रक्कम खात्यात दिसू द्या, त्याच दिवशी परत करतो. तेव्हापासून कारकुनाच्या नोकरीची त्याला काळजी उरलेली दिसत नाही. नकाशे मात्र गेले ते गेलेच.

तुमचा,
कय्यूम

ता. क. – मशीनच्या गिऱ्हाइकाला नाही म्हणा. बानो उठायला तयार नाही, असं सांगा.

ता. क. दुसरा – संजीवनी ऑनलाइन टायपिंगची कामं घेते असं ऐकलं. पोरीला म्हणा, कागद, फोटो, मेसेज यांवर भुलू नको, खात्यात बघ. अन् मजुरी मिळायच्या आधी तुझ्याकडूनच पैसे मागेल तो गिऱ्हाईक नव्हे.

ता. क. शेवटचा – जाता जाता त्या माणसानं लिहिलं, की तुम्ही इमानदार दिसता, आमचे पैसे तुमच्या खात्यातून फिरवू द्या, बसल्या जागी हिस्सा देतो. म्हणजे कुणा संजीवनीचेच बुडवलेले पैसे. नाही म्हणालो. बानोला हे सांगितलेलं नाही. ती शाबास म्हणेल, अन् मग पिठाचा डबा उघडून बघेल. महिन्याचे पंचवीस हजार देत होता.