मैनाबाईचं वजन आणि तुमचा तक्ता

बालाघाट,
माघ वद्य पंचमी, सन १९६७

राजमान्य जावाईबापू घनश्यामराव, मुक्काम नागपूर, यांस सासरा दादाजी याचा हात जोडून रामराम पोचावा. इकडं आमी दोघं बरे आहो. (तुमच्या चिठ्ठीनं जितके ठेवले तितके.) तुमची तब्येत, तुमच्या मातोश्रीची तब्येत आन आमच्या पुष्पाची तब्येत कळवत जा. पुष्पाची जरा जास्त कळवा, काहून का तिले आता सातवा लागला, आन पहिलं बाळंतपण माहेरी होते का नाही ते सारं तुमच्या मर्जीवर अटकलं आहे.

तुमची चिठ्ठी बुधवारी पोचली. सासूबाईचं वजन महिन्याभरात घटलं, त्या अर्थी बालाघाटच्या घरात आहाराची शिस्त नाही, सबब पुष्पलतेस पाठवता येत नाही, असं तुमी लिहिता. वा जावाईबापू, वा! आरोग्य खात्यात तुमी कारकून आहा, डाक्टर आतल्या खोलीत बसते आन तुमी बाहेर कागदं टाचता, हे मले मालूम आहे. पण त्या खोलीची हवा दारातून बाहेर येऊन माणसाले अशी लागते, हे मालूम नव्हतं. दिवाळीत आमच्या घरी आलते तेव्हाच मी तुमचं तोंड पाह्यलं होतं. सकाळी पेज पाह्यली, तोंड वाकडं. जवसाचं तेल पाह्यलं, आणखी वाकडं. लाखोळीची डाळ पाह्यली (ते खाऊन पाय जाते म्हणते तुमचं खातं) तेव्हा तर तुमी आपल्या पायाले हात लावून पाह्यला, जसे काही ते लुळेच पडले. आन नागपूरले जाऊन आठ दिवसायत खान्याचा छापील तक्ता आन ताकदीच्या भुकटीचा डबा पाठवला, का सासूबाईनं, म्हणजे आमच्या मैनाबाईनं, आधी महिनाभर या तक्त्यापरमानं खाऊन दाखवावं, आधीचं अन् नंतरचं वजन कळवावं, मंगच पोरगी पाठवन्याचा विचार होइन. सासूची परीक्षा घेनारा जावाई आमच्या सात पिढ्यायत झाला नसन.

बरं, पोरीसाठी तेबी केलं. तक्त्यात भात अर्धी वाटी. अर्धी वाटी! बालाघाटात तितका भात आमी चिमण्यायले टाकतो. सकाळी अंडं. मैनाबाई अंडं चुलीजवळ येऊ देत नाही, म्हणून गोठ्यामागं तीन दगडं मांडून मी उकडत होतो, आन ते डोळे मिटून, रामाचं नाव घेऊन गिळत होती. (शेजारच्या तुळसाबाईनं धूर पाहून साऱ्या मोहल्ल्यात सांगितलं का दादाजी दारू पाडून राह्यला.) संत्र म्हणाल तर नागपूरहून गोंदिया, गोंदियाहून बालाघाट येता येता ते असं सुरकुतते का त्यालेच टानिक पाजाची पाळी. आन तुमची भुकटी! दुधात कालवा असं डब्यावर लिहलं आहे, पण आमच्या गवळ्याच्या दुधात दूध कमी, म्हणून मैनाबाईनं ते कोरडीच फाकली. टाळूले अशी चिकटली का दिवस कलेपर्यंत बाई नुसती हूं हूं करत होती. इतक्या भावाची वस्तू घेनाऱ्याच्या अकलेबद्दल मी काही लिहत नाही. तुमी जावाई आहा.

आता वजनाचं ऐका. माणूस मोजाचा काटा कुठं असते ते मले ठाऊक नाही. धान मोजाचा राईस मिलमधी असते, तो ठाऊक आहे. तिथं भैयालाल म्हणून तोलदार आहे, त्याचा सारा जनम पोती तोलन्यात गेला. मैनाबाईले काट्यावर उभी केली, त्यानं मान वर न करता आकडा वाचला आन सवयीनं बारदाना, म्हणजे पोत्याचं वजन, कापला. लुगड्याचा! मंग म्हणे, "काकी, नमी बहोत है," आन ओलाव्याचा काट लावला, काहून का ते वैनगंगेवरून आंग धुऊन सिदी आलती. मंग कचऱ्याचा लावला. आता तुमीच सांगा, धानवाला माणूस आपल्या मालाचा काट मुकाट कापू देइन का? मी असा भांडलो, असा भांडलो, का मिलचं काम थांबलं. माल सुका आहे म्हटलं, घरचा आहे, हात घालून पाहा म्हटलं. (तेव्हा मैनाबाईनं माझ्याकडं जसं पाह्यलं, ते लिहून कळवता येत नाही.) शेवटी मालक गादीवरून उठला, सारा काट सोडला आन भांडण मिटवाले किलोभर वरून चढवून दिला. मी जिंकून घरी आलो, आन तोच आकडा तुमाले कळवला. महिना सरला तेव्हा मी परसवाड्याच्या बाजारात बैल पाहाले गेलतो. मैनाबाई एकटीच गेली. भैयालालनं बारदाना कापला, नमी कापली, कचरा कापला, आन ते बिचारी हौ म्हणून घरी आली, तोच आकडा तुमाले पोचला. घटलं वजन ते असं घटलं! खरं पाहाल तर बाई अशी भरली आहे का चोळीची गाठ बसत नाही.

पण मी कायले सफाई देऊ? पुष्पा काय आभाळातून पडली? याच पेजेवर आन याच लाखोळीवर वाढली. तुमी तिले पाहाले आलते तेव्हा तक्ता मांगितला नव्हता, गाल पाह्यले आन हौ म्हटलं. ठेवा तिले तिथंच. डबे चारा. आमचं काही अडून नाही राह्यलं, आमी मजेत आहो. घरी थोरामोठ्यायले नमस्कार सांगा.

तुमचा,
दादाजी

ता. क. पुष्पाचे पाय सुजते का, असं मैनाबाई विचारते. मी विचारत नाही.

दुसरा ता. क. तुमचा तक्ता भाताच्या खळीनं भिंतीले चिकटवला आहे. भुकटीचा नवा डबा मी आणला, कोंबड्याबी घेतल्या. याचा भलता अर्थ काढू नका.

तिसरा ता. क. पत्र डाकेत टाकलंच नाही. काल मैनाबाईनं गाठोडं बांधलं, म्हणे तुमी लिहत बसा, मी चालली. म्हणून गोंदियाच्या प्लॅटफॉर्मवर नागपूरच्या गाडीची वाट पाहत हे लिहून राह्यलो, आन पत्र मीच तुमच्या हाती देतो. (हे शेवटी आलं, म्हणजे वरचं सारं तुमी वाचूनच बसले असान. होऊ द्या.) पोरीले आमच्यासंगं पाठवा, बापा. घर खायले उठते. एकच लेक आहे. तिचं पहिलं बाळंतपण, आन माय तिच्या उशाशी नसावी, हे मैनाबाईले सोसवत नाही, आन खरं सांगतो, मलेबी नाही. नाहीच पाठवत, तर आमाले तिथं ठेवून घ्या. लेकीले मूल होईपर्यंत तिच्या घरचा घासबी खायचा नाही, असा आमच्यात रिवाज आहे. माझ्या बापानं तो मोडला नाही. मी मोडतो. आमाले पुष्पाजवळ बसू द्या आन तुमच्या तक्त्यात असन ते ताटात वाढा, मी मुकाट्यानं खाईन.