तळहातावरची स्कॉच

६ जानेवारी २०२५

अंगद आला! तीन वर्षांनी. माझा पोरगा, स्कॉटलंडात वृद्धाश्रमात नर्स हाय. पिशवीतून काय निघावं — बाटली! "आबा, तिथल्या एका म्हाताऱ्यानं तुमच्यासाठी दिली. तुमी भट्टीवर होता म्हणलं, तर कपाटातून काढूनच दिली." ह्या दारूची भट्टी म्हणे १९८३ लाच बंद पडली. असली आता पुन्हा होणं न्हाई.

आमच्या साखर कारखान्याची डिस्टिलरीबी बंदच की! सव्वीस वर्षं काढली तिथं. आमाला कुणी बाटली दिली न्हाई.

८ जानेवारी

बायको, मनकर्णा, बाटली कपाटात ठेवू देईना. ज्वारीच्या कोठीत ठेवली. तरी गावभर झालंच.

१० जानेवारी

पुढारी विजयसिंहाचा माणूस आलता. त्याच्याकडं मोठे पाहुणे यायलेत, बाटली द्या. वर हळूच — "बबिताताईच्या बदलीचं बघू." लेक माझी परळीकडं शाळेवर, तिचं लेकरू इथं आमच्यापाशी. उद्या देतो म्हणलं.

११ जानेवारी

बबिताला फोनवर सांगितलं. लई भडकली! "माझी बदली मी बघीन, आबा. तुमची बाटली तुमी प्या!" माझीच जीभ घेतलीय पोरीनं. बरं वाटलं. त्या माणसाला न्हाई म्हणून सांगितलं. तोंड वाकडं करून गेला, जाऊ दे.

१३ जानेवारी

अंगद गेला. घर मोकळं-मोकळं.

१५ जानेवारी

आज संक्रांतीची कर. धोंडीरामला बोलावलं. सव्वीस वर्षं आमी एकाच शिफ्टला. त्याच्या गळ्यात आता माळ. "पिणार न्हाई बे, पण उघड तर!"

बूच काढलं अन् दोघांचेबी हात आपसूक पुढं! थेंबभर तळहातावर घ्यायचं, चोळायचं, नाकाला लावायचं — भट्टीवर माल असाच पारखायचो. किती वर्षांनी! मला हसू आवरंना.

धोंड्या डोळे मिटून बसला. "गोवऱ्यांचा धूर... मागून मध." मग म्हणला, "कुणी गाळली रे? हात बसलेला माणूस हाय."

मी घोटभर घेतली. चांगली हाय. लईच चांगली. मग तिळगूळ खात बसलो दोघं, मनकर्णाची बडबड ऐकत.

१९ जानेवारी

अंगदचा फोन. म्हातारा रोज एकच विचारतोय म्हणे — तुझ्या बापानं आधी तळहातावर चोळून बघितली का? "आबा, ते त्याच भट्टीवर होते. ती त्यांनीच गाळलेली."

सांग म्हणलं — चोळली. दोघांनी. अन् आमचा धोंडीराम म्हणला, हात बसलेला माणूस हाय.