शाळेच्या मैदानावरच्या सरळ रेघा

२० ऑगस्ट १९६१
होळीनंतर आजच लिहितोय. वहीने माफ करावं; संध्याकाळी सगळ्या लोहाराकडे गेल्या. नंदुरबारच्या भंगारात मिळालेल्या गवत कापायच्या यंत्राचा पात्यांचा रूळ तेवढा चांगला होता. त्याला सायकलची दोन चाकं बसवली, प्रत्येकाला वेगळा ब्रेक. डावा दाबला की यंत्र डाव्या चाकाभोवती जागच्या जागी फिरतं आणि लगतचीच पट्टी धरून परततं. निदान कागदावर. लोहार: "मास्तर, याले बैल जुपशात का इद्यार्थी?" मीच ढकलणार म्हटल्यावर गंभीर झाला.

२७ ऑगस्ट
शाळेच्या मैदानावर चाचणी. वळण उत्तम. रेघ वाईट, डावीकडे जाते. चाकं मोजली, सारखी. म्हणजे दोष माझ्या उजव्या हाताचा. खडूची सवय, जोर जास्त देतो. मूठ सैल केली. शिवाय पात्यांकडे पाहत गेलो की रेघ वाकते, पलीकडच्या निंबावर नजर ठेवली की नाही. सौ.: "घरमा इळा शे. त्याले ना चाक लागस, ना बिरेक."

३ सप्टेंबर
पुढचं निम्मं मैदान झालं. एक पट्टी फिकी, एक गडद, कडा सुतात. व्हरांड्यातून पाहत राहिलो, जरा जास्तच वेळ. हेडमास्तर खूष. या महिन्यात तपासणीला साहेब येणार. तोवर सगळं मैदान असंच हवं, आणि पुढे दर आठवड्याला.

५ सप्टेंबर
जमनाबाई आली. आमच्या शाळेच्या वारलेल्या शिपायाची बायको. मैदानातले दगड वेचून ते सारखं केलं त्यानेच. तेव्हापासून दिवाळीला कमरेएवढं झालेलं गवत तिने कापायचं, वाळवायचं, उन्हाळाभर म्हशीला पुरवायचं. लिहिलेलं कुठे नाही, पण दुसरं कुणी तिथे विळा लावत नाही. यंत्राने वीतभर गवताचा भुगा होतो, आणि दर आठवड्याला कापलं तर ते वाढणारच नाही.
"रेघा मस्त वढ्यात, मास्तर. आते मन्ही म्हैस काय खाई? तुमन्या रेघा?"
मला ठाऊक नव्हतं, असं लिहिणार होतो. ठाऊक होतं. तिच्याच म्हशीचं दूध आमच्या चहात असतं.

९ सप्टेंबर
हेडमास्तरांना सुचवलं: खेळ पुढच्या भागात होतात, मागचं गवत दिवाळीपर्यंत राहू द्यावं. म्हणाले, "अर्धं मैदान म्हणजे अर्धी हजामत, मास्तर. न्हावीसुद्धा गिऱ्हाइकाला असं उठवत नाही." सगळे शिक्षक हसले. मीही. का हसलो?

१२ सप्टेंबर
रुळाऐवजी दातांची पट्टी लावली तर गवत लांबच्या लांब आडवं पडेल, पेंढ्या बांधता येतील. रेखाटन केलं. जमेल असं वाटतं. मग लक्षात आलं की त्यासाठीही गवत आधी वाढू द्यावं लागेल. अडचण आली की मी यंत्राकडे वळतो, असं दिसतं.

१४ सप्टेंबर
सकाळी जमनाबाई दूध घालायला आली. तळोद्याचा एक जण म्हैस पाहून गेला म्हणे, दात बघितले, कास बघितली. मी विचारलं, "नाही सांगितलंत ना?"
"हो बी म्हनं नही, नही बी म्हनं नही. तुमनं मैदान देखीसन सांगसू."
सौ. ने भांडं घेतलं. माझ्याकडे पाहिलं आणि दूध घेऊन आत गेली.

१५ सप्टेंबर
साहेब सोमवारी. हेडमास्तर: "उद्या मागचं उरकून टाका." मी "बघतो" म्हणालो. हा शब्द मला आवडत नाही, पण तोच आला. मागचं गवत नडगीला लागतंय; अजून थोडं वाढलं तर यंत्राला पेलणार नाही, प्रश्न आपोआप मिटेल. तपासणी मात्र त्याआधी आहे. ब्रेकची तार तुटली असंही सांगता येईल. गंजली आहेच. जाऊन ओढून पाहिली. शाबूत आहे.

उद्या: मागच्या निम्म्यावर यंत्र नेणार नाही, हे प्रार्थनेआधी हेडमास्तरांना सांगणे.