हायड्रोजनशी माझं भांडण

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून लिहायला सुरुवात. ही वही कुणासाठी नाही. पण उद्या धडाम झाल्यावर, मी आधीच सांगितलं होतं, असं म्हणायला तारीख लागते. म्हणून.

बातमी अशी की धाकट्या बाईंनी सहा हायड्रोजनच्या टॅक्स्या घेतल्या. मला न विचारता! अठ्ठावीस वर्षं या टॅक्सी कंपनीच्या वर्कशॉपचा फोरमन आहे मी. बाईंचे वडील होते तेव्हा साधा फॅनबेल्ट घ्यायचा तरी मला हाक मारायचे. ही पोरगी शाळेचा डबा माझ्या केबिनमध्ये बसून खायची. आता ती मालकीण आणि मी काका.

सगळ्यांसमोर जाहीर केलं की पेट्रोल आणि एलपीजी गॅसच्या गाड्या वर्षभरात काढणार. नव्या गाड्यांसाठी तीन दिवसांचा सुरक्षा कोर्स आहे. जो पास होईल तोच पुढे फोरमन. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, काका, तुम्हीसुद्धा परीक्षा द्या हं. तुम्हीसुद्धा! मागे इलेक्ट्रिशियन फिसकन हसला. त्याला मी बल्ब म्हणतो. वरून चकचकीत, आत पोकळ.

माझी केबिन वर्कशॉपच्या मधोमध आहे. तिन्ही बाजूंनी काच. खुर्चीतून चारही रॅम्प दिसतात. तिथे बल्ब बसणार? माझ्या जिवंतपणी नाही.

निश्चय केला. हायड्रोजन घालवायचा. रागवायचं नाही. चहात साखर बंद.

४ फेब्रुवारी, मंगळवार
कोर्स. शिकवणारा टाय लावून आलेला, माझ्या लेकीच्या वयाचा. हात इतके स्वच्छ की गाडीच्या खाली कधी गेला असेल असं वाटत नाही. म्हणाला, हायड्रोजनला वास नाही, रंग नाही, आणि पेटला तर दिवसाउजेडी ज्वाळाही नीट दिसत नाही. मी विचारलं, मग आहे तरी काय? वर्ग हसला. तिथेच मी जिंकलो होतो.

वास नाही म्हणजे काय? गळती मला फाटकातून कळते. गॅस कुठल्या टॅक्सीचा, पुढच्या जोडातून की मागच्या, तेसुद्धा सांगतो. लोक बोलावून नेतात मला वास घ्यायला. आणि हा टायवाला म्हणतो छताला सेन्सर लावू. शिवाय छताला भोकंही हवीत. ती होती. कबुतरं येतात म्हणून मीच सात वर्षांपूर्वी पत्रा ठोकून बुजवली. माझ्या हयातीत उघडणार नाहीत.

तो म्हणे पेट्रोल सांडलं की गाडीखाली पसरून जळतं, हायड्रोजन हलका, मोकळ्यावर सुटला की वर निघून जातो. टाकी इतकी जाड की तिच्यावर गोळ्या झाडून बघितल्यात. मी विचारलं, आपल्या टॅक्सीवर गोळ्या कोण झाडतंय? त्याचं तोंड एवढंसं झालं.

साखर दोन चमचे घेतली. डोकं तापलं की साखर लागते, डॉक्टरही हेच सांगतील.

६ फेब्रुवारी, गुरुवार
परीक्षा. चाळीसपैकी तेरा. पेपरच चुकीचा होता.

प्रश्न होता, गळती झाल्यास गॅस कुठे जमतो? मी लिहिलं, खाली. अहो, शेंबडं पोरही जाणतं की गॅस जड, जमिनीलगत सरकत जातो आणि रॅम्पखालच्या खड्ड्यात भरतो. म्हणून तर आमच्याकडे नियम आहे, गळती झाली की खड्डा सोडा आणि वर चढा. नियम मी केलाय. टायवाल्याने लाल फुली मारली. बल्बला अडतीस. घोकंपट्टी करणारे असतात असे.

बाई म्हणाल्या, काका, महिनाअखेर पुन्हा बसा. तोवर फोरमन तुम्हीच. गोड बोलल्या. पण महिनाअखेर म्हणजे बावीस दिवस. मोजून बघितलं.

घरी हिने विचारलं, किती मिळाले? म्हटलं, निकाल राखून ठेवलाय.

१० फेब्रुवारी, सोमवार, सकाळी अकरा
जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो, नंतर लोक काहीबाही सांगतील.

तीन नंबरच्या रॅम्पवर नवी टॅक्सी होती. दारं मीच बंद ठेवलेली, वारा लागला की माझी मान धरते. एकाएकी छताचा सेन्सर किंचाळायला लागला. मी नाक वर केलं, वास घेतला. काही नाही. जमिनीला नाक लावून घेतला. ऑईल आणि कुणाचे तरी पाय. तरी सुरक्षा म्हणजे सुरक्षा. मी ओरडलो, वर चढा! नऊ माणसं माझ्या मागे शिडीने स्पेअर पार्टच्या माळ्यावर. पहिला मी, कारण पुढारी पुढे असतो. माळा छताला इतका लागून आहे की आम्ही सगळे मान वाकडी करून टायरांवर बसलो.

बल्ब तेवढा खालून ओरडत होता की बाहेर पळा. मी त्याला बेशिस्तीबद्दल वरूनच नोटीस दिली. तो दारं उघडून बाहेर गेला. पळपुटा.

पाच मिनिटांनी टायवाला आला. वर बघून त्याचा चेहरा पांढराफटक. हळू आवाजात म्हणाला, साहेब, हायड्रोजन वर जातो. तुम्ही सगळे त्याच्याबरोबर जाऊन बसलात.

शिडीवरून उतरायला मला वेळ लागला. पहिला चढलेला शेवटी उतरतो, हे लक्षात आलं नव्हतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार
गळती केसाएवढी होती म्हणे. एक नट सैल. साबणाचं पाणी लावून शोधली, दहा मिनिटांत बंद केली. स्फोट नाही, ठिणगी नाही, काही नाही. मेला धड फुटतही नाही. उद्या टाकीला थोबाडीत मारली तरी हा गॅस निमूट वर निघून जाईल.

छताच्या भोकांवरचा पत्रा काढला. काढताना माझ्याकडे कुणी बघितलं नाही, याचा अर्थ सगळ्यांना वाईट वाटत होतं. गाड्या धुणारा वॉशिंगवाला मला बघून मान वाकडी करून दाखवतो. त्याला सोडणार नाही.

निश्चय बदलला. हा स्फोटाने मरायचा नाही. याला गैरसोयीने मारायचा.

१५ फेब्रुवारी, शनिवार
देव आहे!

हायड्रोजनचा पंप अख्ख्या परिसरात एकच, बेचाळीस किलोमीटरवर. भरायला पाच मिनिटं, अशी जाहिरात. जायला तास, यायला तास, तिथे रांग. चौथ्या गाडीनंतर यंत्राला पुन्हा दाब जमवायचा असतो, म्हणून थांबा. दोन नंबरच्या ड्रायव्हरची तर नोझल गाडीलाच गोठून चिकटली. इतका थंड गॅस सोडतात की दमट हवेत बर्फ धरतो. वीस मिनिटं ड्रायव्हर नळी हातात धरून उभा. गाय दोहायला बसल्यासारखा, असं तोच सांगत होता.

मी मनापासून हसलो. किती दिवसांनी.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
आजचा दिवस सोन्याचा. पंप बिघडला. बोर्ड लावला, दोन दिवस बंद. पाच गाड्या फाटकात उभ्या. सहावी रस्त्यात संपली, आणि आत कोण? खुद्द बाई, विमानतळाच्या वाटेवर! पेट्रोल असतं तर पोऱ्याला कॅन घेऊन पिटाळला असता. हा गॅस कॅनमध्ये आणतोस का बाबा? टोचन गाडी बोलवावी लागली. विमान गेलं.

बाई परत आल्या त्या थेट माझ्या केबिनमध्ये. चपलेचा पट्टा तुटलेला. त्याच खुर्चीवर बसल्या जिथे डबा खायच्या. म्हणाल्या, काका, तुमचं म्हणणं मला सविस्तर लिहून द्या. मी वाचीन.

मी तोंड वळवलं. खोकल्याचं निमित्त केलं.

पुन्हा परीक्षेची भानगड आता कोण काढतंय!

२० फेब्रुवारी, गुरुवार
रिपोर्ट लिहिला. अकरा पानं. लेकीकडून टाईप करून घेतला. ती कॉलेजात फिजिक्स शिकवते, पण बापाचं अक्षर लागत नाही.

पहिले तीन मुद्दे पंप, दाब, बर्फ. चौथा मात्र माझा मास्टरस्ट्रोक. लिहिलं की आधी वीज जाळून पाण्यातून हायड्रोजन काढायचा. मग तो दाबायचा, गोठवायचा, ट्रकात घालून आणायचा, गाडीत कोंबायचा. आणि गाडी आत त्याचं करते काय? परत वीज! त्या विजेवर मोटर फिरते. या द्राविडी प्राणायामात निम्म्याहून जास्त वीज वाटेतच वाया. मग शहाण्यांनो, सरळ वीजच का भरत नाही गाडीत?

लेक टाईप करता करता थांबली. म्हणाली, बाबा, एवढा मुद्दा काढा. मी म्हटलं, का, चूक आहे? म्हणाली, चूक नाही, अगदी बरोबर आहे, म्हणूनच काढा. शिकलेल्या माणसांचं हे असं असतं. बापाला एवढं सुचलं हे सहन होत नाही. मी तो मुद्दा ठळक करायला लावला.

२४ फेब्रुवारी, सोमवार
मीटिंग. बाईंनी माझा रिपोर्ट हातात धरून उभं राहून वाचला. चौथा मुद्दा दोनदा. टायवाला खाली मान घालून बसला होता. मग बाई म्हणाल्या, हायड्रोजनच्या सहाही गाड्या परत. काकांनी आपल्याला वाचवलं. टाळ्या! वॉशिंगवाल्यालाही वाजवाव्या लागल्या. मी त्याच्याकडे बघतच होतो.

बल्बसुद्धा टाळ्या वाजवत होता. जरा जास्तच. हरलेला माणूस असाच करतो.

टायवाला जाताना माझ्याशी हात मिळवून गेला. म्हणाला, साहेब, चौथा मुद्दा चांगला मांडलात. मी म्हटलं, अनुभव. माणूस तसा वाईट नव्हता. चुकीच्या गॅसच्या नादी लागला.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
परीक्षा रद्द. अपेक्षित होतं.

दुपारी बल्ब टेप घेऊन माझ्या केबिनची लांबी-रुंदी मोजत होता. मी विचारलं तर म्हणाला, बाईंनी सांगितलंय. नवी केबिन देणार बहुतेक. म्हटलं, एसी डाव्या बाजूला बसवा, उजवीकडून माझी मान धरते. त्याने लिहून घेतलं. पहिल्यांदाच नीट वागला.

५ मार्च, बुधवार
सकाळी फाटकातून दहा गाड्या आत आल्या. आवाज नाही. धूर नाही. मागे पाइपच नाही.

बॅटरीच्या.

बाईंनी बोलावलं. टेबलावर माझा रिपोर्ट, चौथ्या मुद्द्यावर पिवळी रेघ. म्हणाल्या, काका, तुमचं वाचलं आणि लख्ख पटलं. सरळ वीजच भरायची. इथेच, आपल्या अंगणात. आता इंजिन नाही, ऑईल नाही, प्लग नाही, गॅस नाही. चारपैकी तीन रॅम्प काढतोय. चार्जिंगचं मोठं पॅनेल मधोमध लागतं, सगळ्या वायरी तिथून सारख्या अंतरावर पडतात. म्हणून तुमची केबिन.

मी विचारलं, आणि फोरमन? त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. बाहेर बल्ब पॅनेलचं खोकं उतरवून घेत होता.

मग म्हणाल्या, तुम्ही आमचे सल्लागार. रोज यायची दगदग नको. घरी आराम करा, अडलं की मी स्वतः फोन करीन. आणि खरंच सांगते, तुम्ही लिहिलं नसतं तर मी त्या हायड्रोजनवरच अडून बसले असते.

बाईंचा राग आला नाही. तो यायला हवा होता. पोरीने मनापासून सांगितलं, आणि प्रत्येक शब्द माझाच होता. राग कुणावर काढायचा तेच कळेना, म्हणून वॉशिंगवाल्यावर ओरडून आलो.

घरी हिला सांगितलं. ही भाजी चिरत होती. सुरी ठेवून म्हणाली, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मग माझ्याकडे नीट बघितलं आणि उठून चहा टाकला. लेक एकदा तरी म्हणायची की, मी सांगितलं होतं. तेवढंही नाही.

८ मार्च, शनिवार
सल्लागार म्हणजे फोरमनच्या वर. आज नीट विचार केला तेव्हा कळलं. फोरमन एका वर्कशॉपचा, सल्लागार सगळ्या कंपनीचा. बॅटरीच्या गाड्या अडणारच. पावसाळा येऊ दे, वायरी भिजू दे. बल्बच्याने काय निस्तरणार आहे? मी वीस प्रश्न काढून ठेवलेत, त्यांची उत्तरंही. फोन आला की पटापट सांगता यावीत.

फोनच्या शेजारी खुर्ची लावून घेतली.

१४ मार्च, शुक्रवार, दुपारी चार
नऊ दिवस झाले. कंपनी चालू आहे. मुद्दाम फाटकासमोरून चालत गेलो, गाड्या येत होत्या, जात होत्या. कुणी अडलेलं दिसलं नाही.

फोन बिघडला असेल अशी शंका आली. हिला म्हटलं, आतल्या खोलीतून तुझ्या मोबाईलवरून एकदा लावून बघ.

वाजला. चांगला खणखणीत वाजला. मी उचलला.

ही म्हणाली, हं, बोला.

मी वीस प्रश्नांचा कागद पुढे ओढला आणि एक नंबरचं उत्तर सांगायला लागलो.