गुंडीच्या नाकातली नळी

सोमवार, सकाळ

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

वॉर्डात मोबाइल लावू देत नाहीत, म्हणून हे पत्र रिकाम्या डब्यातून धाडतेय. आमचे हे पोचवतील. तुला सर्दी आहे म्हटल्यावर दारातसुद्धा फिरकायचं नाही, असं सिस्टरांनी बजावलंय.

गुंडीच्या छातीत विषाणूने ठाण मांडलंय. इथली प्रत्येक खाट अशाच खोकणाऱ्या पिल्लांनी भरलीय. नाकात ऑक्सिजनची नळी दिलीय, पण वर्षाची ही बया ती सारखी उपटते. नळी निघाली की यंत्रावरचा आकडा घसरतो आणि माझा जीव टांगणीला लागतो. नळी टिकली नाही तर अतिदक्षता विभागात हलवावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. ताई, मला फार भीती वाटतेय.

बाबांनी मात्र भलतंच काढलंय. जन्मभर नाटकवाल्यांना रंगवलं, ती खोड जाते थोडीच! म्हणतात, आजोबांच्याही नाकात नळी दिसली की पोरगी गप्प राहील. तुझ्या माशांच्या टाकीसाठी आणलेली नवी नळी आणि त्यांची डिंकाची बाटली ताबडतोब पाठवायचा हुकूम आहे.

तुझी,
धाकटी

सोमवार, दुपार

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद, तेही दुरूनच, कारण शिंका आवरत नाहीत.

नळी आणि डिंक सोबत आहे. माशांची परवानगी मागितली, ते नुसते तोंड उघडं टाकून बघत राहिले. खालच्या कप्प्यातलं सूप आधी तू संपव. आई नाही, तेव्हा आईगिरी मीच करणार, निमूट ऐकून घे. खरं सांगायचं तर इथे मी मघापासून एकच पातेलं घासतेय. गुंडीचं कळव गं लवकर.

लोभ असावा, सर्दी नसावी.

तुझी,
ताई

गुरुवार

ती. ताईस,
नमस्कार, आणि या खेपेला वि. वि. खरोखरच विशेष!

बाबांनी नळी अशी बेमालूम चिकटवली की गुंडी स्वतःची विसरून दिवसभर त्यांचीच ओढत बसली. ते पाहून शेजारच्या बाळाच्या मामांनी उरलेल्या नळीचा तुकडा लावून घेतला, मग समोरच्या आजींनी. तेवढ्यात नव्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी बाबांना आडवं केलं, बोटाला यंत्र लावलं आणि धाप कधीपासून लागते म्हणून विचारलं. आता खरं सांगावं की नाही माणसानं? बाबांना प्रेक्षक मिळाला! असे काही कण्हले, की बाईंनी छातीचा फोटो काढायला सांगितलं. शेवटी सिस्टरांनी, आजोबा, आता पडदा पाडा, म्हणून दम भरला. बाई आधी चिडल्या, मग खिडकीकडे तोंड करून हसल्या.

आज सकाळी गुंडीची नळी काढली. आम्ही सगळे यंत्राकडे टक लावून होतो, पण आकडा हलला नाही. मग बाबांनीही आपली नळी ओढली, तर तिच्याबरोबर त्यांची अर्धी मिशी आली! गुंडीने एकदा मिशीकडे पाहिलं, एकदा बाबांकडे, आणि खदखदून हसली. माझी नजर तिच्या बरगड्यांवर. आता खोकल्याची उबळ येणार, धाप लागणार, म्हणून मी श्वास रोखून उभी. काहीच आलं नाही. ताई, ती दम घेऊन पुन्हा हसली. मी तिथेच हमसून रडले.

उद्या घरी सोडताहेत. बाबांचे तुला अर्ध्या मिशीतून पूर्ण आशीर्वाद. लोभ आहेच, तो असाच उतू जाऊ दे.

तुझी,
धाकटी